वाटीत फेस भरपूर, गालावर कोरडा: ब्रश-साबणाच्या दाढीत पाण्याचं माप

प्रश्न पुण्याच्या कडेला, उंड्रीत राहणाऱ्या एका तरुणाचा आहे. डब्यातला तयार फोम सोडून त्याने ब्रश आणि दाढीचा गोल साबण घेतला. वाटीभर फेस येतो, पण एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस सुकून जातो. रेझर अडखळतो, मानेवर आग होते, लाल पुरळ उठतं. त्याने साबण वाढवून बघितला, ब्रशही बदलला, फरक पडला नाही. व्हिडिओत दिसतो तसा दाट, चकचकीत फेस घरी का जमत नाही, असं त्याने विचारलं आहे.

तुमच्या वर्णनावरून मला दोन गोष्टी दिसतात. तुमच्या फेसात हवा भरपूर आहे आणि पाणी फार थोडं, हा मुख्य दोष. आणि उंड्रीत असल्यामुळे तुमच्या नळाला टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असणार, तो दुसरा. दोन्हींवर घरातच इलाज आहे, तेव्हा आणखी एक ब्रश मागवण्याची घाई करू नका. माझं पेठेत सलून आहे. शिकायला येणाऱ्या मुलांच्या हातात वस्तरा देण्याआधी मी ब्रश देतो आणि फेस नीट येईपर्यंत पुढे जाऊ देत नाही. फेस चांगला असला की वस्तरा दाबावा लागत नाही, आणि ज्याला सुरुवातीपासून दाबायची सवय लागली नाही त्याचा हात पुढे हलकाच राहतो. घरी स्वतःची दाढी करणाऱ्यालाही हेच लागू आहे.

फेस कशासाठी हे एकदा नीट समजून घेतलं की बाकीचं सोपं जातं. गावात पाराखाली बसून दाढी करणारे जुने कारागीर कित्येकदा साबण वापरतच नसत. वाटीतलं पाणी बोटांनी गालावर चोळायचं, परत घ्यायचं, परत चोळायचं, आणि खुंट मऊ झाल्याचं बोटांना कळलं की मगच वस्तरा लावायचा. म्हणजे खरं काम पाणी करतं. केस केराटिनचा असतो. तो पाणी शोषतो, फुगतो, मऊ होतो, आणि मग कोरड्या केसापेक्षा बराच कमी जोर लावून कापला जातो. यासाठी दोन ते तीन मिनिटं पाणी केसाला लागून राहायला हवं. साबणाचं काम त्याच्या जोडीचं: केसावरचा तेलकटपणा काढायचा म्हणजे पाणी आत शिरतं, ते पाणी गालावर धरून ठेवायचं म्हणजे ओघळत नाही, आणि पात्याखाली निसरडा थर ठेवायचा.

बुडबुडा मोठा असला की त्याची भिंत पातळ. त्यात पाणी नावापुरतं, तो लगेच फुटतो आणि गालावर सुकलेल्या साबणाचा पापुद्रा उरतो. बुडबुडे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक झाले की तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त पाणी मावतं आणि टिकतं. तुमची वाटी भरते ती मोठ्या बुडबुड्यांनी. दिसायला ढीग, आत काही नाही. डब्यातल्या फोममध्येसुद्धा बहुतेक वायूच असतो. तो दाबाखाली भरलेला असतो म्हणून आपोआप फुगतो. त्यामुळे फोमची सवय असलेल्याला फुगलेला फेस म्हणजे चांगला फेस असं वाटत राहतं. ही समजूत आधी सोडायला हवी.

साबणाबद्दल थोडक्यात. अंघोळीच्या साबणाने दाढी होते, पण फेस टिकत नाही. तो साबण बहुतेक सोडियमचा असतो, वडी कडक राहावी म्हणून. वेष्टनावर सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नलेट अशी नावं दिसतील. त्यावर टीएफएम (साबणातल्या एकूण स्निग्ध द्रव्याचं प्रमाण) ७६ टक्के किंवा जास्त लिहिलेलं असलं म्हणजे साबण चांगल्या प्रतीचा, एवढंच कळतं. फेस गालावर किती वेळ उभा राहील हे त्या आकड्यावरून कळत नाही. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडने, किंवा पोटॅशियम आणि सोडियम अशा दोन्हींनी साबणात बदललेलं असतं. स्टिअरिकमुळे फेस दाट आणि टिकाऊ होतो. पोटॅशियममुळे साबण मऊ राहतो आणि पाण्यात पटकन विरघळतो. खोबरेल तेलाचा भाग असतो तो चटकन फेस यावा म्हणून, आणि ग्लिसरीन ओलावा धरायला. साबण घेताना यादीत स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड वरच्या बाजूला आहे का ते बघा. असेल तर साबण साधा असो की इटलीहून आलेला, फेस येणार. महागड्या साबणाचा वास छान असतो, धुतल्यावर त्वचा जरा मऊ वाटते, पण शिकायला तो लागत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर पहिले काही आठवडे गोल साबण बाजूला ठेवून ट्यूबमधली क्रीम वापरली असती. गोदरेज, ओल्ड स्पाइस, पामोलिव्ह, व्ही-जॉन, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेल ती. क्रीममध्ये पाणी आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे साबण ब्रशवर घेण्याची पायरी वाचते आणि सगळं लक्ष पाणी वाढवण्याकडे देता येतं. ट्यूबवर ब्रशलेस लिहिलेलं नाही ना, तेवढं पाहून घ्या. ती वेगळीच वस्तू आहे, तिचा फेस होत नाही.

आता पाण्याकडे येतो. पुणे शहराला महापालिकेचं पाणी येतं ते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून. सह्याद्रीत पडलेला पाऊस तिथे साठतो, म्हणून ते पाणी साबणाला बरं असतं. उंड्री, पिसोळी, वाघोली, सूस अशा कडेच्या भागांत मात्र बऱ्याच सोसायट्या टँकरवर आणि बोअरवर चालतात. बोअरचं पाणी दख्खनच्या काळ्या खडकात मुरून येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. साबणाशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला धरतो तो हाच. तेवढा साबण फुकट जातोच, शिवाय साक्याचे कण बुडबुड्यांना टिकू देत नाहीत.

पाणी कसं आहे हे घरी बघता येतं. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत अर्ध्यापर्यंत नळाचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओचं. दोन्हीत दाढीच्या साबणाचा सारखाच चिमूटभर कीस टाकून दहा-बारा वेळा जोरात हलवा. पाणी मऊ असेल तर वर फेसाचा थर उभा राहतो आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. क्षाराचं असेल तर फेस थोडा, पाणी दुधट, वर पांढरे कण तरंगताना दिसतात. सोसायटीच्या ग्रुपवर टीडीएसचे आकडे फिरत असतात, त्यावर जाऊ नका. टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळंच. साबणाला त्रास देतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पाण्याचा तपासणी अहवाल असेल तर त्यात कठीणता (हार्डनेस), म्हणजे याच दोघांचं प्रमाण, बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ती लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी असं आहे, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे प्यायला चालणारं पाणी फेसाला सोयीचं असेलच असं नाही.

पाणी क्षाराचं निघालं तर फेसासाठी आरओचं पाणी वापरा. एका दाढीला एक वाटी खूप झालं: ब्रश भिजवायला, फेस काढायला आणि शेवटी मानेवरून हात फिरवायला. उकळून गाळलेल्या पाण्यानेही थोडा फरक पडतो, कारण उकळल्यावर काही क्षार खाली बसतात, गीझरच्या कॉइलवर बसतात तसेच. पण सगळे जात नाहीत. सोसायटीत सॉफ्टनर असेल तर तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, आणि ते फेसाला उत्तम. फक्त त्यात वेळच्या वेळी मीठ घालावं लागतं. ते राहिलं की फेस एकाएकी बिघडतो आणि आपण साबणाला दोष देत बसतो.

तरीही एक लक्षात ठेवा. क्षाराच्या पाण्यात फेस काढणं अवघड असतं, अशक्य नसतं. बाहेरगावी, लॉजवर, कुठेही मला तो काढता येतो, कारण तिथे मी साबण जास्त घेतो. तुम्ही साबण वाढवूनही फेस सुकतोय, म्हणजे मुख्य गडबड पाणी मिसळण्यात आहे.

ब्रशवर फार वेळ घालवायचं कारण नाही. कृत्रिम केसांचा मऊ ब्रश शिकायला सगळ्यात सोपा. भिजवावा लागत नाही, स्वतः पाणी पीत नाही, त्यामुळे घातलेलं पाणी सगळं साबणाला मिळतं. डुकराच्या केसांचा ब्रश मला स्वतःला आवडतो. खुंट उभे करून साबण मुळाशी पोचवण्यात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. पण तो कोमट पाण्यात पाचेक मिनिटं भिजवावा लागतो, आणि नवा असताना टोचतो आणि फेस गिळतो. काही आठवडे वापरल्यावर केसांची टोकं दुभंगतात आणि तो मऊ होतो. नव्याला वास येतो, तो फेस काढून रात्रभर तसाच ठेवून धुतला की दोन-चार वेळांत जातो. उकळतं पाणी कुठल्याच ब्रशला नको, बुडाशी केस चिकटवलेले असतात ते सुटतात. केसांचा झुबका बुडाशी २२ ते २४ मिलिमीटरचा असावा. रविवार पेठेच्या घाऊक बाजारात स्वस्त ब्रश मिळतात ते बहुतेक फार बारीक आणि राठ नायलॉनचे असतात. सलूनमध्ये ते चालून जातात, कारण कारागिराचा हात बसलेला असतो. शिकणाऱ्याला ते त्रास देतात.

बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जुने ब्रश दिसतात, मूठ सुंदर असते म्हणून लोक उचलतात. जुना रेझर घ्या, तो उकळून, घासून स्वच्छ होतो. दुसऱ्याचा वापरलेला ब्रश घेऊ नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून अँथ्रॅक्सची लागण झाली होती, आणि त्यानंतर कित्येक वर्षं ब्रशच्या मुठीवर ‘निर्जंतुक’ असं कोरलेलं असायचं. आज धोका तेवढा नसेल, पण केसांच्या मुळाशी काय साठलंय ते बाहेरून कळत नाही.

आता हाताचं काम. अंघोळीनंतर दाढी करा, किंवा निदान चेहरा कोमट पाण्याने दोन मिनिटं भिजवा. साबण कडक असेल तर अंघोळीला जाताना त्यावर चमचाभर पाणी टाकून ठेवा, वरचा थर मऊ होतो. दाढीच्या वेळी ते पाणी ओतून द्या. ब्रश भिजवा, आणि तो निथळून, एकदा झटकून घ्या. इथेच बहुतेकांचं बिनसतं. गच्च ओला ब्रश साबणावर फिरवला की लगेच मोठमोठे बुडबुडे उसळतात, आवाज येतो, फेस झाला असं वाटतं आणि माणूस थांबतो. ब्रशवर साबण चढलेलाच नसतो. तुम्ही साबण वाढवला म्हणता, तो बहुधा असाच वाढवला असणार: जास्त वेळ घासून जास्त बुडबुडे.

ब्रश ओलसर हवा, ठिबकता नको. साबणावर मध्यम दाब देऊन गोल फिरवा, कृत्रिम ब्रशने वीसेक सेकंद, डुकराच्या ब्रशने तीस ते चाळीस. सुरुवातीला बुडबुडे दिसतील, ते पुसून टाका किंवा वाटीत उतरवा, त्यांचा उपयोग नाही. हळूहळू बुडबुडे कमी होतात, ब्रश जड वाटायला लागतो आणि केसांच्या टोकांवर दाट, चिकट लगदा बसतो. साबणावर ब्रशच्या केसांचे चरे दिसायला लागले की साबण पुरेसा चढला. या वेळी तो सुंदर दिसत नाही, आणि दिसायला नकोही. क्रीम असेल तर ब्रशच्या मधोमध सेंटिमीटरभर ठेवली की हीच अवस्था आयती मिळते.

इथून पुढे पाणी. ब्रशची फक्त टोकं पाण्याला टेकवा, किंवा पाव चमचा पाणी वाटीत सोडा, आणि पंधरा-वीस सेकंद फिरवा. पाणी पूर्ण मिसळल्याशिवाय पुढचं घालायचं नाही. मग पुन्हा टोकं टेकवा, पुन्हा फिरवा. एकदम पाणी ओतलं तर साबण आणि पाणी वेगळेच राहतात, ब्रश हवा आत ओढतो आणि परत मोठे बुडबुडे. थोडंथोडं घातलं तर तोच साबण आश्चर्य वाटेल इतकं पाणी पितो. सुरुवातीचा लगदा पांढराशुभ्र, निस्तेज असतो आणि ब्रश उचलल्यावर त्याची टोकं ताठ उभी राहतात. या ताठ टोकांवर समाधान मानून बहुतेक सगळे थांबतात, कारण फोटोत ते छान दिसतं. तो फेस उपाशी असतो. गालावर लावला की तो उलट केसातलं पाणी ओढून घेतो आणि दोन मिनिटांत सुकतो. तुमचं नेमकं हेच होत असावं.

तिथून पुढे आणखी चार-पाच वेळा टोकं भिजवा. फेसाला चमक येईल, ओल्या रंगाला येते तशी. टोकं उभी न राहता वाकून खाली पडतील. उजेडासमोर तिरपं धरून पाहिलं तर एकही बुडबुडा वेगळा दिसणार नाही. आवाजही बदलतो, सुरुवातीची फसफस बंद होऊन काही ऐकू येईनासं होतं. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळा: चिकट लागला, बोटं एकमेकांना धरायला लागली तर पाणी कमी, बोटं अडकल्याशिवाय सटकन घसरली तर बरोबर, पातळ होऊन ओघळला आणि खाली पारदर्शक पाणी दिसायला लागलं तर जास्त झालं. जास्त झालं तरी घाबरू नका. ब्रश परत साबणावर पाच-सात सेकंद फिरवून आणा, तो सावरतो. कमी पाण्याच्या फेसापेक्षा थोडा जास्त पाण्याचा फेस कधीही बरा. पातळ फेस निदान निसरडा असतो.

हे सगळं वाचून माप कळत नाही, म्हणून मी मुलांकडून एक गोष्ट करून घेतो, ती तुम्हीही करा. दाढी करायची नाही अशा एखाद्या संध्याकाळी निवांत बसा. वाटी, ब्रश, साबण, आरओचं पाणी आणि एक चहाचा चमचा घ्या. ब्रशवर साबण चढवा आणि पाव-पाव चमचा पाणी घालत, प्रत्येक वेळी पूर्ण मिसळत जा. प्रत्येक टप्प्यावर थोडा फेस मनगटाच्या आतल्या बाजूला लावा, चिमटीत चोळून बघा, आणि थांबू नका. फेस मोडेपर्यंत पाणी घालत राहा. तो पातळ होऊन वाटीच्या तळाशी पाणी सुटेल तेव्हा किती चमचे झाले ते लिहून ठेवा. आता तुम्हाला दोन्ही टोकं माहीत झाली, आणि चांगला फेस मोडण्याच्या जरा अलीकडे असतो हेही बोटांना कळलं. साबण बदलला, पाणी बदललं, की हे परत एकदा करायचं. बहुतेकांना पहिल्यांदा धक्का बसतो तो याचा, की रोज ज्या जागी आपण थांबत होतो तिथून पुढे निम्मं पाणी घालायचं बाकीच होतं.

वाटीत काढावा की थेट गालावर, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. वाटीत काढताना फेस समोर दिसतो, म्हणून शिकताना वाटी चांगली. उथळ नको, आणि स्टीलपेक्षा चिनी मातीची असेल तर फेस गार पडत नाही. शिकून झाल्यावर मात्र मी गालावरच काढायला सांगेन. ब्रश गोल फिरताना खुंट उभे राहतात, साबण आणि पाणी मुळापर्यंत पोचतं, आणि तेवढा वेळ केस भिजत राहतात. ब्रश दाबून त्याचे केस बुडापासून वाकवू नका, टोकांनी काम करा. शेवटी वर-खाली दोन-चार हात मारून फेस सारखा करा. घोटलेल्या दह्याइतका दाट आणि तितकाच तुकतुकीत दिसला की रेझर उचला. थर जाड लागत नाही. खालची त्वचा दिसू नये एवढा पुरे.

तुमच्या मानेबद्दल. मानेवरचे केस सरळ खाली वाढत नाहीत, काहींचे आडवे असतात, काहींचे वर. दोन दिवसांची दाढी वाढलेली असताना बोट फिरवून बघा: ज्या बाजूला गुळगुळीत लागतं ती केसांची दिशा. पहिला हात त्याच दिशेने. उलटी दाढी मानेवर निदान महिनाभर करू नका, फेस कितीही चांगला जमला तरी. आणि मानेवरचा फेस शेवटच्या फेरीपर्यंत सुकलेला असतो, कारण आपण गालांपासून सुरुवात करतो. म्हणून मानेकडे वळताना ब्रशची टोकं पाण्याला टेकवून तिथे परत एकदा फिरवा. फेस नसलेल्या जागेवरून रेझर पुन्हा फिरवण्याची सवय असेल तर ती मोडा. मानेवरची निम्मी आग त्यातूनच येते. रेझर फिरून गेल्यावर ओलं बोट त्या जागेवरून न्या. चांगल्या फेसाचा निसरडेपणा तेव्हाही शिल्लक असतो. बोट अडखळलं तर पुढच्या फेरीला पाणी वाढवा.

ऋतूप्रमाणे माप थोडं बदलतं. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी असते की पंख्याखाली उत्तम फेससुद्धा सुकतो. पंखा बंद करा आणि फेस नेहमीपेक्षा जरा ओला ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी वाटी आधी गरम पाण्याने विसळून घ्या. पावसाळ्यात फेसाला काहीच अडचण नसते, ब्रशला असते. तो वाळत नाही आणि बुरशीचा वास येतो. बाथरूममध्ये न ठेवता खिडकीशी, वाऱ्यावर ठेवा.

दाढी झाली की साबण पूर्ण धुवून काढा, आणि शेवटचा हात आरओच्या पाण्याचा असू द्या. क्षाराच्या पाण्याने धुतल्यावर साक्याचा पातळ थर मानेवर राहतो, खाज सुटायला तोही कारण होतो. तुरटी लावायची असेल तर ती अगदी शेवटी, ओल्या चेहऱ्यावर हलकी फिरवून, मिनिटभराने धुऊन टाका. तुरटी लागलेली बोटं ब्रशला किंवा वाटीला लावू नका. तुरटीतलं ॲल्युमिनियम साबणाशी जुळून तसाच साका करतं आणि पुढचा फेस बसत नाही. उलट कातडी ताणताना बोटं घसरत असतील तर मोकळ्या हाताच्या बोटांना तुरटी चोळा, पकड छान येते.

ब्रश कोमट पाण्यात केस उघडून धुवा, पिळू नका, मुठीत हलकं दाबून पाणी काढा, झटका आणि वाळू द्या. टँकरच्या पाण्यात महिनोन्‌महिने वापरलेल्या ब्रशच्या मुळाशी साका साठतो आणि तो ब्रश फेस धरत नाही. कपभर कोमट पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून टोकांकडचा भाग दहा मिनिटं बुडवा, नंतर साबणाने धुवा. जो जुना ब्रश तुम्ही बाजूला ठेवलात त्याला हे आधी करून बघा, बहुधा तो ठीकच असेल.

पाणी बदलून, पाणी वाढवून, मानेवर सुलटा हात ठेवून दोन-तीन आठवडे बघा. तेवढ्यात लाली उतरायला हवी. पुरळात पू दिसत असेल किंवा केस वळून कातडीत शिरत असतील, तर तोवर मानेवर रेझर लावूच नका, ट्रिमर वापरा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.